पांढऱ्या गाडीचे पैसे

घट बसले की आमच्या शेडमधला फोन थांबत नाही. पाऊस परतलेला असतो, दुपारचं ऊन चावायला लागतं, जालना रोडवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात आणि अख्ख्या शहराला एकाच आठवड्यात आठवतं, की आपल्या गाडीवर चार महिन्यांचा चिखल आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तिला हार घालायचा, तर ती निदान मूळ रंगाची दिसायला हवी. मुकुंदवाडीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे. या दिवसांत तिच्यात शाम्पूचा, ओल्या रबराचा आणि समोरच्या हातगाडीवरच्या झेंडूचा एक मिसळलेला वास भरून राहतो. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय घेता?" मी दर सांगते. पलीकडचा माणूस "बाप रे" म्हणतो आणि तरी येतो.

हा प्रश्न ऐकला, की मला आमचा पहिला दर आठवतो आणि जीव थंड होतो. आधीच सांगून टाकते, मी डूख धरणारी बाई आहे. माणसानं विसरावं, माफ करावं, मन मोठं ठेवावं, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. सांगणाऱ्यांपैकी कुणाचंच काही गेलेलं नव्हतं. माझी ऐन उमेदीची वर्षं गेली होती, बाबांचा फंड गेला होता आणि एक पांढरी गाडी गेली होती. वर्षांचं आणि फंडाचं काही करता येण्यासारखं नव्हतं. गाडी मात्र याच शहरात फिरत होती.

लग्नाच्या बैठकीत "आमचं काहीच मागणं नाही" म्हणणारी माणसं सगळ्यात महाग पडतात. माझे तेव्हाचे सासरे, अण्णा, गुलमंडीतले कापडवाले. बैठकीत त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमाला काय नाय पायजे. तुमची लेक उन्हातान्हाची फटफटीवर फिरू नये, येवढंच आपलं वाटतं." माझे बाबा सरकारी कचेरीतले कारकून. साहेबाच्या मनातलं ओळखण्यात त्यांची उभी नोकरी सरलेली. त्यांना लगेच कळलं. निवृत्तीनंतर आलेल्या फंडाला त्यांनी हात घातला.

शोरूममध्ये गाडी बघायला अण्णाही गेले होते. तिथं सणाची एक योजना चालू होती. बाईच्या नावावर गाडी घेतली, तर सीटकव्हर आणि पायाखालच्या मॅट फुकट. अण्णांचा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. सीटकव्हरच्या कापडाला त्यांनी चिमटीत धरून पाहिलं, मीटरचा भाव मनात काढला आणि बाबांना म्हणाले, "मग सुनंच्या नावावरच करा की. घरातच ऱ्हाणार हाय गाडी." अशी ती गाडी माझ्या नावावर झाली. कुणाला माझं काही भलं करायचं होतं म्हणून नव्हे, चार मीटर कापड वाचत होतं म्हणून.

मेटॅलिक रंगाला वरचे पैसे पडत होते, म्हणून बाबांनी पांढरी घेतली. मांडवाच्या दारात ती हार घालून उभी केली, तेव्हा अण्णांनी बॉनेटवरून एक बोट फिरवलं आणि चारचौघांत म्हणाले, "पांढरी व्हय? टॅक्सीवानी दिसती." पाहुणे हसले. बाबाही हसले, हात जोडून. माझ्या लग्नातले विधी, जेवण, साड्या यांतलं मला आता फारसं काही आठवत नाही. बाबांचं ते हसणं आठवतं.

त्या गाडीत मी कायम मागच्या सीटवर, मधोमध, मांडीवर पिशव्या घेऊन बसले. पुढं अण्णा बसत आणि गाडी नवरा चालवी. फुकटातल्या सीटकव्हरांवरचं प्लॅस्टिक अण्णांनी काढू दिलं नव्हतं, कव्हर खराब होतं म्हणून. वैशाखात ते प्लॅस्टिक पातळातूनसुद्धा चटके द्यायचं आणि उतरताना चर्रकन सुटायचं. एकदा मी म्हटलं, मला गाडी शिकायची आहे. अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "कुठं जायाचंय तुला?" या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला थोडा वेळ लागला. माहेरी, मुकुंदवाडीला. तेही रिक्षानं.

का निघून आले ते सगळं सांगत बसत नाही. नवऱ्याचा हात उठायचा आणि बाहेरच्या खोलीत अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे, एवढं पुरे आहे. नवऱ्याचा राग मला आता येत नाही, तो मुळात कच्चाच माणूस होता. टीव्हीचा मात्र येतो.

सोडचिठ्ठीच्या वेळी वाटण्या झाल्या. भांडी, कपाट, अर्धंमुर्धं सोनं, सगळं लिहिलं गेलं. गाडीचं नाव कुणीच काढलं नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे, माय. तू सुटलीस, बास झालं." त्यांच्या 'जाऊ दे'चा मला तेव्हा फार संताप यायचा. वाटायचं, या माणसाला राग नावाची गोष्ट देवानं दिलीच नाही. गाडी अण्णांच्या दारात राहिली आणि नाव माझंच राहिलं. बदलायचं तर माझी सही लागणार होती आणि सही मागायला अण्णांना आमची पायरी चढावी लागली असती. तेवढी मान त्यांना वाकवायची नव्हती.

आणि मग मेसेज यायला लागले. सिग्नल तोडला, दंड. भलत्या ठिकाणी गाडी लावली, दंड. पट्टा लावला नाही, दंड. गाडी ज्याच्या नावावर, मेसेज त्याच्या फोनवर. औरंगपुऱ्यात कुठल्या दुकानापुढं ते गाडी लावतात, बीड बायपासला किती जोरात जातात, सगळं मला घरबसल्या कळू लागलं. काही मेसेजसोबत फोटोही बघता यायचा. गाडी धुळीनं भरलेली, मागच्या दाराला पोचा, एक दिवा फुटका. पहिला मेसेज आला तेव्हा मी रडले. नंतर वाट बघायला लागले. मी ना तक्रार केली, ना दंड भरला. सगळे मेसेज नुसते जपून ठेवले. बाबांच्या फंडाची गाडी आमच्यावाचून शहरभर हिंडत होती आणि तिच्या गुन्ह्यांवर माझं नाव लागत होतं, हे वाचत वाचत मी माझा राग ताजा ठेवला.

दरम्यान मला एका शोरूममध्ये नोकरी लागली होती. नव्या गाड्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी चकाचक करून ठेवायचा विभाग. तिथं मी गाडी चालवायला शिकले आणि घासायलाही. सीटचं काम करणारी नसीम तिथलीच. माझ्याएवढीच, किराडपुऱ्यातली, तोंडानं फटकळ. दोघींनी पैसे साठवले, एक जुनं पॉलिशचं मशीन घेतलं, प्रेशरचा पंप घेतला आणि ही शेड भाड्यानं घेतली. बायका गाड्या धुणार म्हटल्यावर शेजारचा पंक्चरवाला दोन दिवस हसत होता. नंतर त्यानंच आम्हाला टँकरवाल्याचा नंबर दिला.

कारण आमच्या गावात पाणी ही सोन्यानाण्यासारखी गोष्ट आहे. नळाला पाणी आलं की इथं लग्नं थांबतात. अशा गावात गाडी धुण्याचा धंदा काढायचा म्हणजे टँकरचं पाणी विकत घ्यायचं, प्रेशरनं थोडक्यात भागवायचं आणि शेजारणींच्या बादल्यांची नजर सोसायची. म्हणून आम्ही नुसतं धुणं ठेवलंच नाही. आतून-बाहेरून सगळी गाडी नव्यासारखी करून द्यायची, ज्याला आता सगळे डिटेलिंग म्हणतात, ते ठेवलं. प्रश्न एकच उरला, घ्यायचे किती?

हल्ली नव्यानं धंदा काढणारी पोरं-पोरी मला हेच विचारायला येतात. मी शहाण्यासारखं सांगते, पाणी धरा, शाम्पू-पॉलिश धरा, भाडं धरा, वीज धरा, मग तुमचे तास धरा. तासांपाशी प्रत्येक जण अडतो. मीही अडले होते. नसीमच्या फोनवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस सांगत होता, की आधी तुमच्या एका तासाची किंमत ठरवा. सासरच्या घरात मी पहाटेपासून राबले, त्या तासांची किंमत शून्य होती. शून्याला कशानंही गुणा, शून्यच येतं. "तेरे को कितना होना?" नसीमनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मग तिनं खोट्या नावानं गावातल्या चार ठिकाणी फोन करून भाव काढले आणि मधला धरून साडेपाच हजार असा आकडा पाटीवर रंगवून टाकला. मला तो फार वाटत होता. कोण देणार आहे आपल्याला, असं मनात यायचं. ओल्या पाटीकडे बघायची मला लाज वाटत होती.

पाटी वाळली आणि नवरात्र सुरू झालं. कर्णपुऱ्याच्या जत्रेला जाणाऱ्या बायका अनवाणी रस्त्यानं जात होत्या, धूळ उडत होती, आणि त्या धुळीतून एका दुपारी ती पांढरी गाडी वळून आमच्या शेडपुढं उभी राहिली. मी नंबर आधी ओळखला, मग माणूस. अण्णा स्वतः चालवत आले होते. उतरले, पाटी वाचली, शेडचे पत्रे मोजल्यासारखे पाहिले आणि खुर्ची नसताना बसायला खुर्ची आहे का, असं बघितलं. (मी त्यांना अजूनही 'ते' म्हणते आहे. जीभ लवकर बदलत नाही.)

"कळलं आमाला, धंदा टाकला म्हणून," ते म्हणाले. "म्हणलं, आपल्या पोरीची भवानी आपणच करावी."

भवानी म्हणजे दुकानाची पहिली विक्री. त्या गिऱ्हाइकाला माघारी पाठवायचं नाही, नाहीतर पुढचा धंदा बसतो, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दिवाळीच्या सीझनला मी त्यांच्या दुकानात घड्या घालायला बसत असे, तेव्हा सकाळच्या पहिल्या बाईला ते भाव पाडून का होईना, पण कापड देतच. आता ते स्वतःच पहिलं गिऱ्हाईक होऊन आले होते. मी नाही म्हणू शकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गाडी नव्यावानी करून दे," ते पुढं म्हणाले. "जालन्याचं गिऱ्हाईक लागलंय. दसऱ्याला पोराला नवी घ्यायची हाय. आन् एक सही लागंल तुझी. तेवढी करून टाक. जुनं काहून उगाळायचं?"

म्हणजे धुणं हे निमित्त होतं, सही हे काम होतं. पोरीचा धंदा सुरू करून द्यायला आलोय असं दाखवून ते माझ्याकडून गाडी नेणार होते, बाबांकडून नेली होती तशीच, मांडीवर हात ठेवून, गोड बोलून. मी म्हटलं, "दोन दिवस ठेवावी लागेल." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्या गाडीची किल्ली माझ्या हातात पहिल्यांदा आली. ते रिक्षानं गेले. नसीम बादली उपडी घालून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "अगे, ये वोच है क्या? तेरा वो ससुरा?" मी मान हलवली. "तो नमक डाल दे पेंट पे," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात सगळं येऊन गेलं. मशीनचं पॅड एका जागी जरा जास्त दाबलं की रंग जळतो. कडांवर तर बघता बघता पत्रा दिसतो. दारांच्या आतल्या वायरी, सीटखालची जागा, मला सगळं माहीत होतं. सूड घ्यायला माझ्या हातात चांगलं मशीन होतं. मी ते सुरू केलं, आणि पहिल्याच फेऱ्याला माझा हात हलका झाला. पॉलिश करणाऱ्यानं राग खांद्यात ठेवावा, मनगटात उतरू देऊ नये. आणि एक गोष्ट लक्षात आली. जळालेला रंग कुणाचा असणार होता? माझ्या बाबांनी विकत घेतलेला.

आधी आतलं काढलं. भुईमुगाची टरफलं, बिलं, देवळातला वाळलेला नारळ, तंबाखूच्या पुड्या. मग सीटवरचं ते प्लॅस्टिक. एवढ्या वर्षांत ते पिवळं पडलं होतं, जागोजाग फाटलं होतं, पण अण्णांनी काढलं नव्हतं. नसीमनं कात्री लावली आणि मी ओढलं. खालून फुकटातली सीटकव्हरं निघाली, कोरी करकरीत. कुणाच्याही वाट्याला न आलेली. आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून दोनदा धुतली, क्ले म्हणतात त्या मऊ वडीनं पत्र्यातला काळा कण न् कण उचलला, मग मशीन. पांढरा रंग लगेच चमकत नाही. आधी फक्त स्वच्छ होतो. मग दुपार कलल्यावर ऊन तिरपं आलं आणि दाराच्या पत्र्यात मला समोरची झेंडूची हातगाडी दिसायला लागली, फुलांसकट.

सही द्यायची नाही हे तेव्हा ठरलं. मोठा विचारबिचार केला नाही. गाडी माझ्या नावावर आहे, बाबांच्या पैशाची आहे, दंड माझ्या फोनवर येतात. मग दुसऱ्या कुणाची कशी? मी नसीमला सांगितलं. तिनं टाळ्या वाजवल्या. मग एकदम थांबली.

"तो अब पैसे कैसे लेगी? अपनी गाडी धोए तो उसके पैसे किस से?"

हा खरा प्रश्न होता. गाडी माझी म्हटली, तर बिल कुणाचं? गाडी ठेवून घ्यायची आणि ती धुतल्याचे पैसेही त्यांच्याकडूनच घ्यायचे, हे कुठल्या न्यायात बसतं? नसीमचं मत पडलं, की गाडी घे आणि पैसे सोड, ते हराम होतील. मी रात्रभर जागले वगैरे नाही, पण भाकरी थापता थापता तोच विचार करत होते. न घेणं जास्त सभ्य दिसलं असतं. चार लोक म्हणाले असते, पोरीनं हक्काचं घेतलं आणि वरचा एक रुपया घेतला नाही. पण मला सभ्य दिसायचं नव्हतं. त्या घरात मी जे जे केलं, ते सगळं फुकट केलं होतं, आणि फुकट केलं म्हणूनच ते काम नव्हतं. आता त्यांनी स्वतः येऊन काम सांगितलं होतं. काम झालं होतं. त्याचे पैसे मोजताना त्यांचा चेहरा मला बघायचा होता. एवढं साधं होतं ते.

बाबांना मी फक्त अर्धंच सांगितलं. अण्णा गाडी घेऊन आलेत, सही मागतायत. बाबा पेपरची घडी घालत होते. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "देऊन टाक सही, माय. आपल्याला काय करायची ती गाडी?" मी विचारलं, "तुम्हाला कधी रागच आला नाही का हो?" ते उठून पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे ते बघायला गेले.

अण्णा ठरल्या दिवशी सकाळीच आले, सोबत जालन्याचे गृहस्थ. बी-बियाणांचा धंदा करणारे, अंगानं भरलेले, बोलायला मोकळे. गाडी शेडच्या तोंडाशी उभी होती. गृहस्थ तिच्याभोवती फिरले, वाकून आत पाहिलं, सीटवर हात फिरवला.

"नवीच वाटाया लागली की, अण्णा."

"आमच्या घरात वस्तू जपूनच वापरत्यात," अण्णा म्हणाले. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवलं, बोट उलटं करून पाहिलं. काही लागलं नव्हतं. "किती झालं?"

"साडेपाच हजार."

"साडेपाच? पाणी वतायचं आन् पुसून काढायचं, त्येचं साडेपाच? तीन घे. भवानीचं गिऱ्हाईक हाय मी."

त्यांचा चेहरा खुलला होता. घासाघीस सुरू झाली की ते दहा वर्षांनी तरुण दिसत. मी त्यांना तो आनंद पुरा घेऊ दिला. ते चार म्हणाले, मी सव्वापाच म्हटलं. ते जालन्याच्या पाहुण्यांकडे बघून म्हणाले, बघा, घरचाच माणूस गळा कापतो. मी शेवटी म्हटलं, "पाच द्या. भवानी आहे म्हणून." पाचशे रुपये तोडल्याचं समाधान त्यांच्या मिशीत मावेना.

"देतो की. सहीचं काम उरकू, मग एकदमच देतो."

"अण्णा, भवानीला उधार नसतं," मी म्हटलं. "तुमच्याच गल्ल्याजवळ बसून शिकले मी."

पाहुणे मोठ्यानं हसले. परक्या माणसासमोर अण्णांना आता मागं सरता येईना. त्यांनी खिशातून नोटा काढल्या, बोट जिभेला लावून दोनदा मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. मी त्या नसीमकडे दिल्या. हराम म्हणणाऱ्या नसीमनं त्या कपाळाला लावून डब्यात टाकल्या. मग अण्णांनी पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "हं, हितं."

मी कागद घेतला नाही. पाहुण्यांकडे वळले. "भाऊ, तुम्हाला जालन्याहून उगाच यावं लागलं. ही गाडी विकायची नाही. माझ्या नावावर आहे आणि मी ठेवणार आहे."

पाहुण्यांनी अण्णांकडे पाहिलं. "तुमच्या नावावर नाय व्हय?"

"सुनंच्या नावावर हाय," अण्णा म्हणाले.

"मग सून तर ही म्हणती, विकायची नाय."

"ती सून नाय आता."

"अवं, मग गाडी तुमची कशी काय?" पाहुण्यांनी अगदी सरळपणे विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

अण्णांची मान लाल झाली. ते त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. "मग पैसे कशाचे घेतलेस?"

"धुण्याचे," मी म्हटलं. "काम तुम्हीच सांगितलंत."

ते बरंच बोलले. पोलिसात जातो म्हणाले. मी म्हटलं, जा, आणि जाताच आहात तर तुमच्यामुळे लागलेले सगळे दंडही तिथंच भरून टाका, मेसेज मी जपून ठेवलेत, वाचून दाखवते. मी औरंगपुऱ्यातल्या दंडापासून वाचायला सुरुवात केली. बायपासपर्यंत आले तेव्हा पाहुणे पानटपरीकडे निघून गेले होते. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम सोडून उभा होता. अण्णा एकदा गाडीकडे बघत, एकदा माझ्याकडे. बोलायला तोंड उघडलं, पण वाढवायला इथं टीव्ही नव्हता. शेवटी ते कागद पिशवीत कोंबून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. जत्रेचे दिवस, रिक्षा भरून जात होत्या, एक थांबेना. ऊन चढत होतं. मी खुर्ची दिली असती, पण आमच्याकडे खुर्ची नव्हती.

मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला असं उन्हात उभं बघून मला कुठंतरी वाईट वाटेल. मी वाट पाहिली. वाटलं नाही. आजही वाटत नाही. अशा वेळी लिहिणाऱ्या माणसानं पुढं लिहायचं असतं, की सूड पोकळ असतो, हाती काहीच लागत नाही. माझ्या हाती गाडी लागली आणि वर पाच हजार. त्या दिवसापासून कुणी दर विचारला, तर माझी जीभ अडखळली नाही. आपल्या तासाची किंमत कशी काढायची, ते मला त्या गोऱ्या माणसापेक्षा अण्णांनी जास्त चांगलं शिकवलं. दरवर्षी नवरात्रात मी तो दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवते, काहीही न गाळता.

दुपारी मी गाडी घरी नेली. पहिल्यांदा पुढं बसून, चालवून. गल्लीत पोरं बाजूला झाली. बाबा ओट्यावर कांदे निवडत होते. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग चालवणारी पाहिली. कांद्याची साल हातातच राहिली.

"सही दिलीस?"

"नाही. गाडी आणली."

ते ओट्यावरून उतरले. चपला न घालता गाडीला एक चक्कर मारली. मागच्या दाराच्या पोच्यापाशी थांबले, हात लावला नाही. मग पुढचं दार उघडून बघितलं, सीटकव्हर बघितलं, दार हळूच लावलं. मी सांगून टाकलं, अण्णा आले होते, कशी बोलाचाली झाली, ते कसे रिक्षासाठी उभे राहिले. बाबा ऐकत होते. 'जाऊ दे' कधी म्हणतायत याची मी वाट बघत होते.

"धुण्याचे पैसे घेतलेस त्यांच्याकडून?"

"घेतले. साडेपाच सांगितले होते, पाचावर तोडलं."

बाबांनी बॉनेटवर दोन्ही तळहात टेकले. वाकून चकचकीत पत्र्यात पाहिलं. मान वर केली, तेव्हा त्यांचा चेहरा मी या आधी कधी पाहिलेला नव्हता.

"कमी घेतलेस," ते म्हणाले.